गोडा की खारा

सकाळी सव्वासहाला घरातले तीनही मोबाइल एकदम किंचाळले. सरकारी इशारा होता. वादळी पाऊस, ओढ्यानाल्यांच्या जवळ जाऊ नका, गरज नसेल तर घरातच राहा. मी पडदा सरकवून खाली पाहिलं. शारजातली आमची गल्ली नाहीशी झाली होती. तिच्या जागी कडक चहाच्या रंगाचं पाणी होतं आणि त्यात शॉवर्म्याचे कागद, एकच चप्पल, फुगून वर आलेला एक डायपर असं सगळं गोल गोल फिरत होतं. दोन माणसं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यातून हसत हसत चालली होती. तिसरा त्यांचा व्हिडिओ काढत होता. त्या पाण्यात गटाराचं किती असेल याचा अंदाज मला चौदाव्या मजल्यावरूनही करता येत होता.

मला किळस फार लवकर येते, आणि त्याचाच मला पगार मिळतो. हमरिया फ्री झोनमधल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. कोणाच्या नखात पीठ अडकलंय, कोणाची टोपी कानांच्या वर सरकलीय, फ्रीझरच्या दाराच्या रबरात काळी बुरशी कुठे धरलीय, हे शोधत मी दिवसभर हातात टॉर्च घेऊन फिरते. मी येताना दिसले की कामगार आधी हात धुतात आणि मग सलाम करतात. ही सवय कारखान्याच्या गेटवर सोडून येता येत नाही. हॉटेलात मी आधी बाथरूम बघते आणि मग मेन्यू. दुसऱ्याच्या घरची भेळ मला जात नाही. वाढदिवसाच्या केकवर पोरं फुंकर मारतात तेव्हा मी तोंड फिरवून उभी असते.

"अल ऐनला स्नो पडणार म्हणे आज," शिरीष म्हणाला. शिरीष माझा नवरा. तो पलंगावरूनच मराठी मंडळाचा ग्रुप वाचत होता. "सगळे निघण्याच्या तयारीत आहेत."

"स्नो नाही, गारा," मी म्हटलं. "आणि आपण कुठेही जाणार नाही."

"पण आई, लास्ट टाइम इट वॉज सो मच फन!" शाळा ऑनलाइन झाल्याच्या आनंदात जुई उशीवर उड्या मारत होती. ती आता अकरा वर्षांची आहे. मागच्या खेपेला नऊची होती.

मागची खेप. फेब्रुवारीतलं असं ढगाळ आभाळ दिसलं की ती आठवण येते आणि तिच्यासोबत माझ्या तोंडाला एक कडवट चव येते. ती चव दोन वर्षांत गेलेली नाही.

त्या वेळी माझे बाबा आमच्याकडे आले होते. आई गेल्यानंतर हर्णैच्या घरात ते एकटेच होते, म्हणून मीच व्हिसा काढून बोलावून घेतलं. आल्यापासून ते सोफ्याच्या एका टोकाला पाहुण्यासारखे बसून असायचे. खालच्या गाड्या मोजायचे, लिफ्टला घाबरायचे, आणि तंबाखूच्या पिचकारीसाठी जागा नाही म्हणून बिचारे दिवसभर तोंड मिटून असायचे. मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं की इथे कुठेही थुंकायचं नाही, दंड होतो. दंडाचं खरंच होतं, पण दंड नसता तरी मी बजावलंच असतं. बेसिनच्या कडेला तपकिरी ठिपका दिसला की मी हातमोजे घालून तो घासायची, आणि बाबा दारात उभे राहून बघायचे.

बाबांची सगळी नोकरी बर्फात गेली. हर्णै बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात ते ऑपरेटर होते. पत्र्याचे लांबट डबे गोड्या पाण्याने भरून मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडायचे. मिठाचं पाणी कितीही थंड केलं तरी गोठत नाही, आणि त्याच्या गारठ्याने डब्यातलं पाणी मात्र गोठून त्याची लादी होते. एखादा डबा गंजून त्याला भोक पडलं की खारं पाणी आत शिरायचं. तो बर्फ दिसायला अगदी तसाच असतो, पण लवकर पाणी होतो, आणि मग समुद्रात आठ दिवस राहणाऱ्या बोटीवरची मासळी किनाऱ्याला येईपर्यंत सडते. ओळखायचा उपाय एकच होता, जिभेने.

बाबांची जीभ तंबाखूने जाड झालेली. म्हणून चाखायचं काम माझ्याकडे होतं. शाळेत जाण्याआधी मी कारखान्यात जायची. बाबा टोच्याने लादीचा कोपरा फोडायचे, कपचा तळहातावर घेऊन माझ्यासमोर बसायचे आणि विचारायचे, "बघ बाय. गोडा की खारा?"

मी जीभ लावायची. "गोडा."

"मग ठीक," ते म्हणायचे आणि मागे वळून ओरडायचे, "भरा रे!" आणि धक्क्यावरचे बाप्ये कामाला लागायचे. माझ्या एका शब्दावर बोटी सुटायच्या. फ्रॉक घातलेल्या, नाकाला शेंबूड असलेल्या मुलीच्या शब्दावर. मला तेव्हा त्यात काहीच घाण वाटायचं नाही, आणि हे आज लिहितानाही मला खरं वाटत नाही. त्या फरशीवर माशांचे खवले चिकटलेले असायचे. अमोनियाने डोळे चुरचुरायचे. दाराशी कुत्री आतडी ओढत असायची. बाबांच्या तळहाताच्या रेघा काळ्या होत्या आणि बोटं तंबाखूने पिवळी. त्या हातावरचा बर्फ मी चाटत होते, रोज, सात वर्षं.

सातवीत असताना बाकावर शेजारी बसणारी मुलगी आपलं दप्तर घेऊन उठली आणि बाईंना म्हणाली, "हिच्या अंगाला सुकटीचा वास येतो." वर्ग हसला. बाईही थोड्या हसल्या. घरी येऊन मी लाल साबणाने अंग सोलेपर्यंत घासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हात पुढे केला तेव्हा मी तो हात पहिल्यांदा नीट पाहिला, आणि माझ्या तोंडून निघालं, "शी!"

बाबांनी कपचा फेकून दिला आणि परत कधी विचारलं नाही. मीही त्यानंतर त्यांच्या हातून काही खाल्लं नाही. प्रसादसुद्धा आईकडून घ्यायची. माझ्या लग्नात त्यांनी मला पेढा भरवला, तो मी ओठांत धरून ठेवला आणि फोटो झाल्यावर रुमालात काढला. कोणाला दिसलं नाही अशी माझी समजूत होती. पुढे लग्नाची कॅसेट आली. तिच्यात ते व्यवस्थित दिसतं, आणि ती कॅसेट बाबांनी गावातल्या सगळ्यांना दाखवली होती.

तर दोन वर्षांपूर्वीचा तो शनिवार. अल ऐनला राहणाऱ्या, मंडळातल्या वर्षाताईंकडे हळदीकुंकू होतं, म्हणून आम्ही चौघं शारजाहून गेलो आणि रात्री तिथेच राहिलो. पहाटेपासून विजा चमकत होत्या. नऊच्या सुमारास पार्किंगच्या पत्र्यावर कोणी पोतंभर खडी ओतावी असा आवाज सुरू झाला. वीस मिनिटं. थांबला तेव्हा अंगण पांढरं होतं, गाड्यांच्या काचांना तडे गेले होते, आणि मंडळी रडायची सोडून नाचत होती.

"यल्ला, यल्ला! बाहेरच्या रोडला तर फुल काश्मीर झालंय!" शिरीष मोबाइल नाचवत होता. "चला, वितळायच्या आत जाऊ."

शहराबाहेर अर्धी अमिरात लोटली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या वाटेल तशा उभ्या, आणि त्यांच्यामधून सपाट वाळवंट पसरलेलं, पांढरंफेक. क्षणभर सुंदर होतं, तेवढं मी कबूल करते. मग मी गाडीतून उतरले. बुटाखाली करकर वाजलं आणि पांढऱ्याच्या खालून तांबडा चिखल वर आला. त्यात बकऱ्यांच्या लेंड्या होत्या. माणसं त्याच गारा ओंजळीत घेऊन एकमेकांच्या तोंडावर मारत होती. एका बाईने मुलाला गारांत बसवून त्याची चड्डी खाली केली, आणि पिवळ्या भोकांशेजारी दुसऱ्या कुटुंबाने चटई पसरून डोश्यांचा डबा उघडला. कोणी हुक्क्याचे निखारे टाकले होते, ते फुसफुसत काळे पडत होते. एक जण सदरा काढून गारांत लोळला, उठला तेव्हा त्याच्या पाठीच्या केसांत चिखल आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं अडकली होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते. जो तो मोबाइलसमोर "स्नो! स्नो!" म्हणून ओरडत होता. तासाभरात त्या माळाची त्यांनी मासळीबाजाराच्या मागची बाजू करून टाकली. आनंद झाला की माणसाला घाण करावीशी का वाटते, हे मला कळलेलं नाही.

"आई, प्लीज, कॅन आय टच इट?" जुईने विचारलं.

"हातमोजे घालून."

आणि मग मला बाबा दिसले. ते गर्दीपासून दूर, काटेरी झुडपांच्या एका रांगेमागे उकिडवे बसले होते. तिथे गारांचा ढीग साचला होता. ते वरवरच्या गारा बाजूला करत होते, एक उचलायची, आभाळाकडे धरून बघायची, टाकायची, दुसरी उचलायची. आमच्या घरी आल्यापासून त्यांचा चेहरा इतका जागा मी पाहिला नव्हता. शेजारी पायघोळ कंदुरा घातलेला एक म्हातारा अरब येऊन बसला. बाबांनी एक गार त्याच्या हातावर ठेवली आणि एक स्वतःच्या तोंडात टाकली. म्हाताऱ्याने बघितलं आणि आपलीही तोंडात टाकली. दोघं गाल फुगवून एकमेकांकडे बघत राहिले.

"जैन?" बाबांनी विचारलं. छान, या अर्थाचा हा एक शब्द ते वॉचमनकडून शिकले होते.

"जैन, जैन!" म्हातारा हसला. त्याला दोनच दात होते. मला तेही बघवलं नाही.

मी जवळ गेले तशी बाबांनी मान वर केली. "आयुष्यभर बर्फ केला गो बाय, पण पडताना कधी पाहिला नव्हता. हे बघ, मधे पांढरं दिसतंय ना, ती अडकलेली हवा. आपल्या लादीतपण असंच व्हायचं. आणि बाहेरचं कसं काचेसारखं आहे! इतका चोख बर्फ मला कधी जमला नाही." त्यांनी एक टपोरी गार निवडली, अंगठ्याने पुसली, तळहातावर घेतली आणि हात माझ्यासमोर धरला. शिरीष, वर्षाताई, जुई, सगळे तोवर तिथे आले होते.

"बघ बाय," ते म्हणाले. "गोडा की खारा?"

बत्तीस वर्षांनी त्यांनी तो प्रश्न विचारला होता. प्रश्नात काय आहे ते मला लगेच कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. पण त्याच वेळी माझे डोळे त्यांच्या अंगठ्याच्या नखावर होते, नखातल्या चिखलावर, तंबाखूच्या पिवळ्या डागावर, आणि त्या नखाखालून वितळून वाहणाऱ्या पाण्यावर.

"शी! बाबा, टाका ते," मी म्हटलं. कारखान्यात जो आवाज लावते तोच आवाज. "जमिनीवरचं आहे, लेंड्या आहेत खाली. जुई, तू हात लावायचा नाही."

"वरून पडलंय गो. कोणाचा हात नाही लागलेला," बाबा म्हणाले.

मी पर्समधून सॅनिटायझर काढला आणि त्यांच्या पुढे केलेल्या तळहातावर दाबला. गार अजून तिथेच होती. तो निळा चिकट पदार्थ तिच्यावर पडला, ती घसरून खाली गेली, आणि बाबांनी मुकाट्याने दोन्ही हात एकमेकांवर चोळले. कोपरापर्यंत चोळले.

"वास बरा आहे," ते म्हणाले.

जगात मी पुष्कळ घाण पाहिली आहे. पण त्या दिवशीच्या माळावर सगळ्यांत घाणेरडं काय होतं असं कोणी विचारलं, तर मी लेंड्या म्हणणार नाही आणि ती पिवळी भोकंही म्हणणार नाही. ती निळी बाटली धरलेला माझा हात मला आजही दिसतो आणि मळमळतं.

शिरीष डिकीतून आमचा आइसबॉक्स घेऊन आला. त्यात आम्ही दर शुक्रवारी मार्केटमधून मासळी आणतो, आणि ब्लीचने कितीही धुतला तरी तो सुरमईला विसरत नाही. सासरे-जावयांनी मिळून झुडपांमागच्या निवडक गारा त्यात भरल्या. घरी आल्यावर बाबांनी त्यातल्या काही किसून, कोकमाचं आगळ घालून जुईला आणि शिरीषला गोळे करून दिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं, पण हात पुढे केला नाही. जुई लपूनछपून दोन गोळे चोखून गेली आणि तिला काही म्हणता काही झालं नाही. मी तीन दिवस तिचं पोट दाबून बघत होते.

उरलेल्या गारा बाबांनी एका प्लास्टिकच्या डब्यात भरून फ्रीझरच्या तळाशी ठेवल्या. आमच्या कारखान्यात प्रत्येक बॅचमधलं एक पाकीट बाजूला काढून जपून ठेवायची पद्धत आहे. बाहेर गेलेल्या मालाबद्दल पुढेमागे तक्रार आली, तर तपासायला आपल्याकडे तोच माल हवा. त्या पाकिटावर तारीख घालतात, नाव घालतात, आणि किती दिवस ठेवायचं तेही लिहितात. हाताला सवय, म्हणून मी बाबांच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली. माल: गारा. ठिकाण: अल ऐन. आणणारे: बाबा. किती दिवस ठेवायचं, तिथे काही सुचलं नाही. ती जागा कोरी राहिली.

विमानतळावर निघताना बाबा एवढंच म्हणाले, "डबा ठेव हां."

मी ठेवला. का ठेवला ते मला सांगता येणार नाही. त्या डब्याने माझ्या फ्रीझरच्या शिस्तीची वाट लावली. दर महिन्याला साफसफाई करताना मी तो बाहेर काढायची, झाकणाला नाक लावायची, तोंड वाकडं करायची, पुसायची आणि परत आत ठेवायची. गारा आक्रसत गेल्या, एकमेकींना चिकटल्या, अर्ध्यावर आल्या. मटारांनी त्यांना आपला वास दिला, कोळंबीने आपला.

मधल्या काळात बाबांच्या जिभेच्या कडेला गाठ निघाली. मुंबईत ऑपरेशन झालं, मग लाइट दिली, म्हणजे ते किरणांनी भाजणं. मी महिनाभर रजा टाकून त्यांच्याजवळ होते. त्या वॉर्डात जे जे करावं लागतं ते सगळं केलं, हातमोजे घालून का होईना. बाबा वाचले. विमान मात्र आता नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. आणि चव गेली. साखर, मीठ, मिरची, सगळं त्यांना खडूसारखं लागतं. शब्दही आता जड होऊन बाहेर येतात, जणू तोंडात अजून तंबाखूची गोळी आहे.

आज दुपारी अल ऐनचे व्हिडिओ यायला लागले. पडल्या गारा. त्याच माळावर तीच गर्दी, तोच आरडाओरडा, आणि आता कोणी तरी तिथे घसरगुंडीसाठी प्लास्टिकची टपं घेऊन गेलं होतं. आमच्या गल्लीत पाणी उपसायचा टँकर येऊन सोंड टाकून बसला होता आणि त्याचा भयंकर वास चौदा मजले चढून आला होता. मी सगळ्या खिडक्या बंद करून ओटा दुसऱ्यांदा पुसत होते, तेवढ्यात जुई मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. व्हिडिओ कॉलवर बाबा होते. नुसता कपाळाचा भाग दिसत होता, मोबाइल त्यांना अजून नीट धरता येत नाही.

"पडला म्हणे बर्फ?" त्यांनी विचारलं.

"पडला, बाबा. पण आम्ही नाही गेलो. रस्ते बंद आहेत."

"बरं झालं. घाण असते तिथे," ते म्हणाले. ते मला चिडवत नव्हते, माझीच बाजू घेत होते. ते मला जास्त लागलं. मग त्यांनी विचारलं, "तो डबा टाकलास ना गो?"

"नाही. आहे."

पलीकडे मोबाइल हलला आणि कपाळाच्या जागी त्यांचा पूर्ण चेहरा आला. एका बाजूने बसलेला गाल, पांढरे खुंट. ते काही मागणार नाहीत हे मला ठाऊक होतं. दोनदा हात पुढे करून त्यांनी दोनदा "शी" ऐकलं होतं. तिसऱ्यांदा ते कशाला विचारतील? आणि आता त्यांना स्वतःलाही चाखून कळणार नव्हतं.

मी फ्रीझर उघडला. कोळंबी बाजूला केली, मटार बाजूला केले आणि डबा ओट्यावर ठेवला. झाकण निघेना, म्हणून गरम पाण्याखाली धरलं. आत पिवळट पांढरा एक गोळा होता, त्याच्या कडेला सात-आठ गारा अजून सुट्या ओळखू येत होत्या. एकीत वाळूचा कण अडकला होता. भपकन वास आला.

"आई, व्हॉट आर यू डुइंग?" जुई म्हणाली.

मी नखाने एक गार सोडवली आणि तळहातावर घेऊन मोबाइलसमोर धरली. "बाबा, विचारा."

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग जड जिभेने, एकेक शब्द उचलत, त्यांनी विचारलं, "बघ बाय. गोडा की खारा?"

मी ती तोंडात टाकली. आधी नुसता गारठा होता. मग सुरमई आली, मग रबर, मग जुन्या फ्रीझरचा तो वास, ज्यासाठी मी माणसांना लेखी ताकीद देते. दाताखाली वाळू करकरली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तरी मी जीभ वर टाळ्याला दाबून, तशीच, जशी सातव्या वर्षी दाबायची, थांबून राहिले.

"घाण लागतोय, बाबा. माशाचा वास मारतोय."

"ते नाही विचारलं. गोडा की खारा?"

"गोडा."

"मग ठीक," बाबा म्हणाले, आणि मोबाइल त्यांच्या हातातून खाली आला. आम्हाला हर्णैच्या घराचं छत दिसायला लागलं आणि ते नाक शिंकरताना ऐकू आलं.

"आई, दॅट इज सो डिसगस्टिंग," जुई म्हणाली.

"हो, आहे," मी म्हटलं, आणि दुसरी गार सोडवायला घेतली.